आधी चप्पल काढ

खंडाळा म्हटलं की लोकांना घाट आठवतो, चिक्की आठवते. हे खंडाळा ते नव्हे. हे अलिबागजवळचं, मुद्दाम गेल्याशिवाय वाटेत न लागणारं. तिथल्या कातळावर, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांच्या श्रद्धेप्रमाणे, एलिया संदेष्टा अग्निरथातून आकाशात गेला तेव्हाचे रथाच्या चाकांचे आणि घोड्यांच्या टापांचे ठसे उमटलेले आहेत. जागेचं नावच 'एलियाहू हनाबीचा टापा'. गेल्या फेब्रुवारीत अलिबागला एका लग्नाला गेलो होतो. लग्न संध्याकाळचं, दुपार मोकळी, आणि खोलीत पडून एसीची घरघर ऐकण्यापेक्षा बरं म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याला सगळं समजावून सांगावं लागेल म्हणून मनात वाक्यं जुळवत होतो, पण नुसतं 'टापा' म्हटल्यावर तो म्हणाला, "एलियाचा ना? बसा." वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वाळलेल्या गवताचा तो भाजल्यासारखा वास, खाली कुठेतरी पंप चालू असल्याची टकटक, आणि समोर काळा कातळ. त्यात खाचा होत्या हे नक्की. त्या चाकांच्या होत्या की काय, ते बघायलाच तर आलो होतो.

तिथे एक कुटुंब आधीच आलेलं होतं. साठी-पासष्टीची एक बाई, तिचा मुलगा-सून असावेत ते, आणि आठ-नऊ वर्षांचा नातू. बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून उघडला, आणि गूळ-खोबऱ्यात कालवलेल्या पोह्यांचा नि वेलचीचा वास त्या उन्हातसुद्धा माझ्यापर्यंत आला. मलिदा. कसला तरी नवस फेडायला आली असावीत मंडळी. नातू खाचेपाशी उकिडवा बसून बोटाने ती कुठवर जाते ते मोजत होता. मग त्याने मान वर करून विचारलं, "आजी, हे खरंच घोड्याचे पाय आहेत? का असाच दगड फुटलाय?" प्रश्न चोख होता. मीही तोच मनात घेऊन आलो होतो. फक्त मोठा झाल्यामुळे मोठ्याने विचारत नव्हतो. मी कान टवकारले. बाई केळी सोलत होत्या. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाल्या,

"आधी चप्पल काढ."

त्याने काढली. कातळ तापलेला, त्यामुळे दोन-चार उड्या मारल्या, बापाने त्याला उचलून सावलीतल्या दगडावर ठेवला, त्याच्या हातात केळं आलं, आणि प्रश्न तिथेच राहिला. मी मोबाइलवर दोन फोटो काढले आणि रिक्षावाला खोळंबलाय म्हणून निघालो. लग्नात जेवणाच्या रांगेत हातात ताट धरून उभा होतो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. वास्तविक मी दोन्ही उत्तरांची तयारी ठेवली होती. 'हो रे राजा, इथूनच गेला तो' असं ती म्हणाली असती तर मी मनात मायेने हसलो असतो. 'लोक म्हणतात बाबा, आपल्याला काय माहीत' असं म्हणाली असती तर लाव्हाचा कातळ थंड होताना कसा तडकतो आणि त्या भेगा पावसाने कशा रुंदावतात, ते मला आठवलं असतं. पण चप्पल काढ? हे काय उत्तर झालं?

परतीच्या वाटेवर, पेणच्या अलीकडे कुठेतरी ट्रकच्या रांगेत गाडी अडकली असताना एकदम आठवलं, की हे उत्तर मी आधी वाचलेलं आहे. हिब्रू बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात. मोशे सासऱ्याची मेंढरं चारायला होरेब डोंगराकडे गेलाय. एक झुडूप पेटलंय आणि जळून जात नाहीये. मोशे काय म्हणतो? देवा, धाव, असं म्हणत नाही. म्हणतो, जरा तिकडे वळून बघतो तरी, हे झुडूप जळत का नाही. म्हणजे त्या पोराचाच प्रश्न! अगदी शास्त्रीय चौकशी. आणि झुडपातून जो आवाज येतो तो झुडूप का जळत नाही याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो म्हणतो, जवळ येऊ नकोस, पायातले जोडे काढ. झुडूप का जळलं नाही हे त्या पुस्तकात पुढेही कुठे येत नाही. त्या बाईंना हा उतारा आठवत होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने देवळाच्या पायरीवर हेच म्हटलं असतं. पण मला झोप आली नाही.

माझा या पुस्तकांशी संबंध तसा उशिराचा. २०२० साली सगळेच घरात अडकले होते तेव्हा कुणी पाव भाजायला शिकलं, मी हिब्रू अक्षरं गिरवायला घेतली. शंभर पानी वही, उजवीकडून सुरू होणारी लिपी, डावीकडून लिहायच्या सवयीमुळे सारखा पुसला जाणारा उजवा कोपरा, आणि बाजूला देवनागरीत उच्चार. त्या वहीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच 'ओत' हा शब्द आहे. अलेफ, वाव, ताव अशी तीनच अक्षरं. वर्णमालेतलं पहिलं, वर्णमालेतलं शेवटचं, आणि मध्ये वाव, ज्याचा अर्थ खुंटी किंवा आकडा, आणि जो शब्दाला चिकटला की 'आणि' होतो. हा नुसता योगायोग, पण वहीत गिरवताना मला तो फार आवडला होता. ओत म्हणजे खूण, चिन्ह. आणि आजच्या हिब्रूत अक्षरालाही ओतच म्हणतात.

आपल्याकडे 'चमत्कार' हा शब्द इतका ऐसपैस बसलाय, की त्या ग्रंथातल्या सगळ्याच गोष्टी आपण त्यात कोंबतो. समुद्र दुभंगला, चमत्कार. काठीचा साप झाला, चमत्कार. पण मुळात तिथे वेगवेगळे शब्द आहेत. अचाट, अंगावर काटा आणणारं जे काही ते 'मोफेत'. कल्पनेपलीकडचं ते 'पेले'. पुढच्या काळात हिब्रूत चमत्काराला जो शब्द रूढ झाला तो 'नेस', पण बायबलात 'नेस' म्हणजे नुसता झेंड्याचा खांब, लांबून दिसावं म्हणून उभारलेली काठी. आणि ओत तर इतका साधा शब्द की भावाचा खून केलेल्या काईनाच्या अंगावर उठवलेली खूणही ओत, आकाशातले सूर्य-चंद्र ऋतू ओळखायला ठेवले तेही ओत, इंद्रधनुष्य ओत, सुंता ओत, आणि आठवड्यातला एक दिवस काही न करता बसणं हेही ओत. इंद्रधनुष्य एकवेळ ठीक. शनिवारी गप्प बसण्यात चमत्कार कसला?

आणि यातली सगळ्यात चक्रावून टाकणारी खूण त्या जळत्या झुडपापाशीच आहे. मोशे म्हणतो, मी कोण असा लागून गेलो की मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाकडे, फारोकडे जाऊ? देव म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन, आणि मीच तुला पाठवलं याची खूण ही, की लोकांना मिसर देशातून बाहेर काढलंस म्हणजे तुम्ही याच डोंगरावर माझी उपासना कराल. हे मी तीनदा वाचलं. निघायच्या आधी माणसाला खूण हवी असते, हमी म्हणून. इथे खूण सगळं पार पडल्यावर मिळणार. म्हणजे आधी उधारीवर चाल, आणि पोचलास की पावती. ऑफिसात कुणी असं आश्वासन दिलं असतं तर आपण लेखी मागितलं असतं. मोशेने तरी मागितलंच. म्हणून तर पुढच्या अध्यायात काठीचा साप, हाताला कोड, पाण्याचं रक्त हे सगळं आलं. वाचताना मला वाटतं, ती मागाहून भरलेली पुरवणी आहे, घाबरलेल्या माणसासाठी. खरी खूण पहिलीच होती.

लेखी मागणारा माणूस मी जवळून बघितलाय. माझे आजोबा. कुडाळजवळच्या आमच्या गावात देवाला कौल लावल्याशिवाय पान हलत नसे. सकाळी लवकर, देवळात अजून वटवाघळांचा वास, गुरवाने पाषाणावर पाणी घालून ओल्या पाकळ्या उजवी-डावीकडे चिकटवलेल्या, आणि सगळे श्वास धरून बसलेले. गाऱ्हाणं घालून झालं की नुसती वाट बघायची. मी लहान, मला फार वेळ गप्प बसवत नसे. पण त्या पाकळीकडे बघताना मीही डोळे मिटत नसे, न जाणो तेवढ्यात पडली तर. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आत्याचं लग्न ठरवताना उजवी पडली. आजोबा पेशाने कारकून. त्यांचं एका नोंदीवर समाधान होईना. म्हणाले, पुन्हा लाव. गुरव बिचारा आजोबांच्या वयाचाच, तो म्हणाला, "मालकानू, देव काय तुमचो कारकून नाय, पुन्ना पुन्ना सही मागूक." पण त्याने लावली. पुन्हा उजवीच पडली.

शास्त्यांच्या पुस्तकातला गिदोन वाचला तेव्हा मला आजोबांचा चेहरा दिसला. गिदोन द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा शेतकरी. मिद्यानी येऊन पीक लुटून नेतात म्हणून लपलेला. त्याला लढाईला जा म्हणून सांगितलंय. तो खळ्यात लोकर पसरून ठेवतो: लोकरीवर दंव आणि भुई कोरडी असं झालं तर मी समजेन. पहाटे उठून लोकर पिळतो, वाडगाभर पाणी निघतं. संपलं ना? नाही. त्याच्या मनात आलं असणार की लोकर दंव धरूनच ठेवते, त्यात काय विशेष. तेव्हा म्हणतो, रागावू नको, एकदाच बोलतो, आता उलटं कर. लोकर कोरडी आणि भुई ओली. आणि तसंही होतं. मला त्या उताऱ्यात देवापेक्षा गिदोनाचं 'रागावू नको' जास्त आवडतं. मागणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे मागणं जरा अतीच झालं. आणि त्याहून गंमत म्हणजे दोन्ही पुरावे हातात पडूनही त्याची भीती जात नाही. लढाईच्याच रात्री, हल्ल्याआधी, तो शत्रूच्या छावणीपाशी जाऊन कुणाचं तरी स्वप्न ऐकतो, तेव्हा कुठे धीर येतो.

आत्या दीड वर्षात माहेरी परत आली. का, ते घरात कुणी आम्हा मुलांसमोर बोललं नाही, आणि कळण्याएवढा मी झालो तोवर विचारण्यासारखं राहिलं नव्हतं. ती पुढे मुंबईला नोकरीला लागली, स्वतःची खोली घेतली, दर मे महिन्यात गावाला आली की त्याच देवळात जाऊन ओटी भरून येई. मला हे कधी पचलं नाही. कॉलेजात असताना, त्या वयाला शोभणाऱ्या आगाऊपणाने, एकदा विचारलं की ज्या देवाने दोनदा खोटा कौल दिला त्याच्याकडे तू कशाला जातेस? ती कोकमं वाळत घालत होती. म्हणाली, "कौल लग्नाचा मागितला होता. लग्न झालं की. संसाराचा कुणी मागितला होता?" त्यावर ती हसली. ते हसणं कसलं होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. चिडण्याचं नव्हतं, माफीचंही नव्हतं.

बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक कलम आहे, ते वाचून मी वही मिटून ठेवली होती. कुणी संदेष्टा किंवा स्वप्न बघणारा उठला, त्याने चिन्ह किंवा अद्भुत सांगितलं, आणि ते खरं ठरलं, आणि त्यावरून तो म्हणाला की चला, दुसऱ्या देवांच्या मागे लागू, तर त्याचं ऐकू नका. लक्ष द्या: ते खोटं ठरलं तर नव्हे, खरं ठरलं तरीसुद्धा. म्हणजे ज्या ग्रंथात पानोपानी खुणा विखुरल्या आहेत, तोच ग्रंथ सांगतो की खूण पटली एवढ्यावरून मागे जाऊ नका. तसं त्याने आधीच सुचवून ठेवलंय. अहरोनाच्या काठीचा साप झाला तेव्हा फारोच्या जादूगारांनीही आपल्या काठ्यांचे साप करून दाखवले. पाण्याचं रक्तही केलं. बेडकांच्या वेळी तर कहर. गावभर आधीच बेडूक, चुलीत बेडूक, अंथरुणात बेडूक, आणि या विद्वानांनी हुशारी दाखवायला आणखी बेडूक काढून दिले. कमी करून दाखवावेत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिदेस या यहुदी पंडिताने स्पष्टच लिहिलं, की इस्राएल लोकांनी मोशेवर विश्वास ठेवला तो चिन्हांमुळे नव्हे; चिन्हांमुळे जो विश्वास ठेवतो त्याच्या मनात कुठेतरी शंकेचा किडा असतोच, की ही जादू तर नसेल?

आणि तालमूदमधली, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, रब्बींच्या, वादचर्चांच्या ग्रंथातली ती भट्टीची गोष्ट. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर रब्बींचा वाद. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला. ते म्हणतात, माझं खरं असेल तर ते झाड साक्ष देईल, आणि कॅरोबचं झाड उपटून शंभर हात लांब जाऊन उभं राहतं. बाकीचे म्हणतात, झाडावरून कायदा ठरत नाही. ओढा उलटा वाहतो. ओढ्यावरूनही ठरत नाही. पाठशाळेच्या भिंती कलतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर. तेव्हा रब्बी यहोशवा उभे राहून म्हणतात, 'ते आकाशात नाही.' हे अनुवादातलंच वाक्य, देवाचंच देवाला ऐकवलेलं. आणि गोष्टीत पुढे देव हसून म्हणतो, पोरांनी मला हरवलं. देवाचं ते हसणं कसं असेल असा विचार केला की मला कोकमं वाळत घालणारी आत्या दिसते.

आहाज आणि हिज्कीया या बापलेकांबद्दल मात्र मला कुणाशी तरी निवांत बोलायचं होतं, आणि घरात कुणाला त्यात रस नाही, म्हणून इथे लिहितो. आहाज यहूदाचा राजा. शत्रू दाराशी आलेले. यशया संदेष्टा त्याला म्हणतो, माग, हवी ती खूण माग, पाताळाएवढी खोल माग नाहीतर आकाशाएवढी उंच. आहाज म्हणतो, छे छे, मी मागणार नाही, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. ऐकायला किती सोज्वळ! आणि यशया त्याच्यावर उखडतो, माणसांना दमवलंत ते कमी झालं म्हणून आता देवालाही दमवता का? कारण आहाजाने मनात अश्शूरच्या राजाकडे मदत मागायचं केव्हाच ठरवलेलं होतं; खूण मिळाली तर पंचाईत. न मागण्यातही लबाडी असते, हे मला आजोबांच्या बाजूने त्या गुरवाला सांगावंसं वाटतं. काही माणसं कौल लावत नाहीत, कारण उत्तर आलं तर ऐकावं लागेल.

त्याचा मुलगा हिज्कीया. हा आजारी पडतो, गळू झालेलं, मरणाच्या दारात. यशया आधी सांगतो की तू मरणार, मग अंगणाच्या मध्यापर्यंत गेलेला असताना परत फिरून सांगतो की नाही, आणखी पंधरा वर्षं मिळाली. आणि औषध काय, तर गळवावर अंजिरांचा लगदा बांधा. हे मला फार बरं वाटतं. चमत्काराच्या गोष्टीत पोटीस आहे. हिज्कीया तरी म्हणतो, खूण काय? यशया विचारतो, सावली दहा पायऱ्या पुढे जाऊ दे की दहा पायऱ्या मागे? हिज्कीया म्हणतो, पुढे जाणं सावलीला सोपं आहे, मागे जाऊ दे. आणि सावली मागे येते. कुठल्या पायऱ्यांवरून? ग्रंथ सहज जाता जाता सांगतो: आहाजाच्या पायऱ्यांवरून. बापाने बांधलेल्या. जो खूण नको म्हणाला, त्याच्याच जिन्यावर मुलाची खूण उतरली. हे लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं की सहज झालं, कोण जाणे, पण मी त्या ओळीपाशी दरवेळी थांबतो. आपल्याकडे दुपारी जोत्यावरून सावली सरकताना बघत बसणारी म्हातारी माणसं असतात. तिच्यावरून चहाची वेळ ओळखतात. माझे वडील शेवटच्या वर्षात तसे गॅलरीत बसत. एखाद्या दिवशी ती सावली दोन फरशा मागे आली असती तर.

पण हिज्कीयाची दुसरी बाजूही आहे. रानात साप चावून माणसं मरत होती तेव्हा मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला होता (तोच 'नेस', खांब), त्याच्याकडे बघितलं की माणूस जगे. तो साप शेकडो वर्षं जपून ठेवलेला, लोक त्याला धूप जाळू लागलेले, त्याला नहुश्तान असं नाव पडलेलं. हिज्कीयाने तो फोडून टाकला. मोशेच्या हातचा! विचार करा, आपल्याकडे एखाद्या राजाने असं काही केलं असतं तर. जो माणूस स्वतःसाठी खूण मागतो तोच दुसऱ्या खुणेचे तुकडे करतो, कारण लोक खुणेपलीकडे बघायचे थांबले होते. आणि याच हिज्कीयाच्या नावावर यरुशलेममधला तो भुयारी पाट आहे, खडकातून सुमारे ५३३ मीटर खोदलेला, वेढा पडला तरी शहराला पाणी मिळावं म्हणून. १८८० साली त्यात मुलांना एक शिलालेख सापडला, तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दोन्हीकडून खोदत आलेले कामगार, तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहिलं. बस्स. उरलेल्या मजकुरात राजाचं नाव नाही, देवाचं नाही. त्या काळात सावलीसुद्धा मागे येत होती म्हणतात, आणि कामगारांना दगडावर कोरून ठेवावीशी वाटली ती खडकातून आलेली हाक.

निर्गमात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या रात्री दाराच्या चौकटीला रक्त लावायला सांगितलंय. ते रक्त 'तुमच्यासाठी' खूण होईल, असे शब्द आहेत. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी त्या एका शब्दाला धरून म्हणतो, तुमच्यासाठी, इतरांसाठी नव्हे. म्हणजे रक्त आतल्या बाजूने लावलं होतं. इतकी वर्षं मी बाहेरून लावलेलं रक्त डोळ्यांसमोर आणत होतो, मृत्यूच्या दूताला दिसावं म्हणून घरावर लावलेल्या पाटीसारखं. आतून लावलं असेल तर सगळं चित्रच फिरतं. ती रात्र, आतले लोक कंबर बांधून, जोडे घालून उभ्या उभ्या जेवतायत, आणि चौकटीवरचं रक्त बघणारे तेच. आपल्याकडे यासाठी किती नेमका शब्द आहे: खूणगाठ. पदराला मारलेली गाठ दुसऱ्याला काहीच सांगत नाही. आज्ञा हातावर ओत म्हणून बांध, असं अनुवादात आहे. यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी दंडाला चामड्याचा पट्टा गुंडाळतात तो त्यावरूनच. आजी पदराला गाठ मारायची ती रॉकेलचं लक्षात राहावं म्हणून. तिच्या गाठीकडे बघून मला कधीच काही आठवलं नाही.

आता मघाचा शनिवार. बेने इस्राएल लोकांची आठवण अशी, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, गावांवरून केहिमकर, पेणकर, दिवेकर झाले. ग्रंथ नाही, रब्बी नाही, समुद्र कसा दुभंगला हे वाचून दाखवणारं कुणी नाही. राहिलं काय, तर 'शेमा'ची एक प्रार्थना, सुंता, खवल्यांचेच मासे खायचे हा नेम, आणि शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. गावाला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, ठाऊक नव्हता. गावाला एवढंच कळत होतं की आज त्या आळीतून घाण्याची करकर येत नाही, बैल नुसता रवंथ करत उभा आहे. ग्रंथात ज्याला नेमका ओत म्हटलंय तेवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि त्यावरूनच शेजाऱ्यांनी त्यांना ओळखलं. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिवससुद्धा त्यांनी स्वयंपाकघरात जपला, 'बिरड्याचा सण' म्हणून, वालाच्या बिरड्यात.

पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रास्ता पेठेत एका वाड्यात राहायचो. समोरच्या खोलीत एक बेने इस्राएल म्हाताऱ्या मावशी होत्या. सकाळी सहाला त्यांचा रेडिओ लागे तो दुपारपर्यंत. आणि त्या स्वतः नळावर भांडत त्या थेट माझ्या आजीच्या शैलीत. शनिवारी रेडिओ बंद. अलार्म लावायची मला सवय नव्हती. जाग आली आणि शांत असलं की कळायचं, शनिवार, अजून अर्धा दिवस ऑफिस आहे. त्यापलीकडे मी कधी विचार केला नाही. पुढे त्या मुलाकडे इस्राएलमध्ये अश्दोदला कायमच्या गेल्या. तो दिवस गुरुवारचा. मी त्यांना स्टँडवर सोडायलाही गेलो होतो, ट्रंक उचलली होती, तरी ते मनात उतरलं नव्हतं. रेडिओ त्या वाड्यातल्याच एका मुलाला देऊन गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सकाळी सहाला त्यावर गाणी लागली आणि मी अंथरुणात उठून बसलो.

कर्मेल डोंगरावर एलियाने जे केलं ते सगळ्यांना माहीत असतं. चार घागरी पाणी तीनदा वेदीवर ओतायला लावलं, आणि तरी आकाशातून आग उतरली, लाकडं, दगड, खळग्यातलं पाणीसुद्धा चाटून गेली. एवढी सज्जड खूण दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल. त्यानंतर काय होतं ते लोक सांगत नाहीत. राणी इजबेल निरोप पाठवते की उद्यापर्यंत तुला मारते, आणि हाच माणूस पळून जातो, रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, मला मरू दे. आगीचा उपयोग एक रात्रही टिकला नाही. देवदूत त्याला काही समजावत नाही. भाकरी आणि पाणी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. मग चाळीस दिवस चालत तो होरेबला पोचतो, मोशेच्याच डोंगरावर. वारा सुटतो, डोंगर फोडणारा. देव वाऱ्यात नव्हता. भूकंप, त्यातही नव्हता. आग, आगीतही नव्हता. मग तीन शब्द येतात, 'कोल देमामा दक्का'. बारीकशा शांततेचा आवाज, असं काहीतरी. वहीत या शब्दांसमोर मी पेन्सिलने चार वेगवेगळे अर्थ लिहून खोडलेत. तो आवाज ऐकून एलिया झग्याने तोंड झाकतो. शनिवारची ती सकाळ मला या ओळीपाशी आठवते, आणि मग मला जरा लाजही वाटते, की कुठे होरेब आणि कुठे रास्ता पेठ.

ग्रंथाप्रमाणे एलिया यार्देन नदीपलीकडून वर गेला. खंडाळ्याचे लोक म्हणतात, इथून गेला. इस्राएलला गेलेले बेने इस्राएल हैफाला कर्मेलवरच्या त्याच्या गुहेत जाऊन मलिदा करतात. म्हणजे कोकणातला नवस तिथे पोचला, आणि तिथला माणूस इथून निघाला. या भूगोलाबद्दल माझी आता काही तक्रार नाही.

मागच्या आठवड्यात मोबाइल भरला म्हणून जुने फोटो काढून टाकत होतो, तेव्हा टाप्याचे ते दोन फोटो सापडले. पहिल्यात ऊन इतकं आहे की कातळ नुसता पांढरट दिसतो, खाचा दिसतच नाहीत. दुसऱ्यात त्या खाचेची एक सावली आहे, डाव्या बाजूला त्या पोराची काढून ठेवलेली निळी चप्पल, एक सरळ आणि एक उपडी. आणि खालच्या कडेला, अगदी खाचेला खेटून, बुटाचं एक पुढचं टोक आलंय, तपकिरी, नाडी बांधलेली. लग्नासाठी पॉलिश केलेला. तो माझा.